पिन टाकल्याबिगर पट्टी दिसाले नाई पायजे

शेंडेभाऊंना एखादी गोष्ट 'आहे' म्हणून सांगितलेली चालायची नाही. ती दिसली पाहिजे. चहा सांगितलाय म्हटलं की ते खिडकीतून खाली वाकून टपरीवाल्यानं पातेलं चढवलंय का ते बघत. बस लागलीय म्हटलं की स्टँडवर जाऊन पाटी वाचून येत. डब्यात वांग्याची भाजी आहे हे बायकोनं निघताना सांगितलेलं असायचं, तरी अकरा वाजता हा माणूस डबा उघडणार, आत डोकावणार आणि परत झाकण लावणार. पहिले आठ दिवस मला वाटलं, फार संशयी दिसतात. मग कळलं, संशय वगैरे काही नाही, माणसाला बघायची हौसच आहे.

चंद्रपुरात एका औषधाच्या दुकानावर आमची कचेरी होती. आम्ही चार माणसं, त्यातले एक मालक. आम्ही संस्थांना, दवाखान्यांना मोबाईलवर चालणारी कामाची पानं बनवून देत असू. मी त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहायची आणि शेंडेभाऊ ते तपासायचे. भाऊ नागभीडकडचे, ढिवराच्या घरचे. वडील तळ्यात जाळं टाकत, भाऊंनी बरीच वर्षं तिथंच पोरांना कॉम्प्युटर शिकवला आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या पोरांच्या शेजारी बसून जावास्क्रिप्ट शिकले. मी गडचांदूरची. बाप सिमेंटच्या कारखान्यात, आणि तोंड माझं तिखट. आमची जोडी जमेल असं मालकांना सोडून कोणालाच वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. आमच्या धंद्यात पानाच्या प्रत्येक लहानसहान भागाची परीक्षा घेणारा एक छोटा प्रोग्राम लिहितात, त्याला युनिट टेस्ट म्हणतात. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. मी एक बटण बनवलं, ते पानावर आहे का असं टेस्टला विचारलं, हिरवी खूण आली. मी खुर्ची मागं ढकलून मोठ्या ऐटीत भाऊंना बोलावलं.

"दिसते का?" त्यांनी विचारलं.

"टेस्ट पास झाली नं, भाऊ."

"ते समजलं मले. बटण दिसते का?"

"पानावर आहे म्हणजे दिसणारच ना!"

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. चष्मा वर गेला की भाषण येतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. "का वो प्रणाली, मतदार यादीत नाव असलं म्हणून माणूस घरी भेटते का? यादीत तं माया मेलेला काकाबी हाये."

आणि खरंच, मी फोनवर उघडून पाहिलं तर बटणाचा पत्ता नाही. एका ओळीनं ते लपलेलं होतं. पानावर होतं, दिसत मात्र नव्हतं. आहे का असं विचारायचा हुकूम वेगळा, दिसतं का असं विचारायचा वेगळा, आणि मी पहिलाच विचारून मोकळी झाले होते. मी इतकी चिडले की दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर चार बोरं ठेवून गेले.

भाऊंच्या टेस्ट वाचायला मजा यायची. प्रत्येक टेस्टला एका ओळीचं नाव द्यावं लागतं. जग ते इंग्रजीत देतं, भाऊ आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत द्यायचे. 'जतन कराचं बटण उन्हातबी दिसाले पायजे.' 'चूक झाली तं चूक कुठी झाली थे सांगाव, नुसतं लाल होऊन बसू नये.' नागपूरच्या एका गिऱ्हाईकानं हे पाहून नाक मुरडलं, म्हणाला, हे काय गावठी लिहिलंय. भाऊ शांतपणे म्हणाले, "चुकीचं असन तं सांगा, साहेब. गावठी तं मी हावोच." साहेबांना चूक काही सापडली नाही.

त्यांच्या कापडी पिशवीत तीन जुने फोन असत. एकाची काच तडकलेली, म्हणून तो 'भांडखोर'. दुसऱ्याचा उजेड गेलेला, तो 'आजोबा'. तिसऱ्या फोनला काहीही सांगा, ती गोष्ट करायला त्याला पाच मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात तो नुसता गोल गोल फिरत बसे. त्याचं नाव 'आत्याबाई'. आम्ही एखादं काम संपवलं की भाऊ पिशवी उचलून खाली उतरायचे आणि फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईपुढं उकिडवे बसायचे. "बाई, याच्यात तुमचं नाव लिवा आन जतन करा." एकदा मी छातीठोक सांगितलं होतं की बटण दिसतंय, टेस्टला दिसतंय, मला दिसतंय. बाईनं नाव लिहिलं आणि शोधत राहिली. "कुठी हाये बटन?" नाव लिहायला जो कीबोर्ड वर आला होता, त्याच्याखाली बटण झाकलं गेलं होतं. बाईनं शेवटी फोन परत दिला आणि भाऊंना म्हणाली, "तुमचं दुकान बंद दिसून राह्यलं, भाऊ." भाऊ हे वाक्य महिनाभर मला ऐकवत होते.

एवढा छळणारा माणूस, पण कोणाच्या चुकीची बोंब मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चूक सापडली की ते खुर्ची ओढून शेजारी येऊन बसत आणि हळूच विचारत, "हे असंच कराचं होतं का तुले?" नसायचंच. पण विचारण्याची रीत अशी की माणसानं स्वतःहून कबूल व्हावं.

मग ते सिकलसेलचं काम आलं. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी ओळखीचा आहे. काहींना तो असतो. काहींच्या रक्तात नुसता वाहक म्हणून असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. मात्र नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर मुलांना त्रास होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं, एवढंच. पण 'वाहक' हा शब्द गावात फुटला की पोरीचं लग्न मोडतं. पोराचं रक्त कोणी तपासतही नाही.

एका संस्थेला आशाताईंसाठी पान हवं होतं. बाईचं नाव टाकलं की तिची माहिती येणार. वाहक असेल तर एक पिवळी पट्टी, तिच्यावर 'सिकलसेल वाहक' हे शब्द. ती पट्टी मात्र त्या बाईनं स्वतःचा चार आकडी पिन टाकल्यावरच दिसायची. भाऊंनी सगळ्यात आधी टेस्टचं नाव लिहून ठेवलं: 'पिन टाकल्याबिगर पट्टी दिसाले नाई पायजे.' आणि टेस्टचं पोट भरायचं काम माझ्याकडं दिलं.

मी पट्टी पानावर ठेवली आणि पिन येईपर्यंत लपवली. टेस्ट लावली. लाल! कारण सांगते. काय दाखवायचं, काय लपवायचं, कोणता रंग द्यायचा, हे सगळं सीएसएस नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतं. टेस्ट चालते ती एका नकली ब्राउझरमध्ये, आणि तो नकली ब्राउझर आमची ती फाईल वाचतच नव्हता. त्यामुळं त्याच्या मते पट्टी उघडीच. मला घरी जायची घाई होती. मी लपवण्याची ती एक ओळ टेस्टमध्येच हातानं चिकटवली. हिरवी खूण आली आणि मी पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी भाऊ खुर्ची ओढून आले. "हे इथी काऊन चिकटवलं वो?"

"सगळेच चिकटवतात, भाऊ."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळं जग."

"जगाचे फोन कोणते हायेत?" त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "मी आत्याबाईले घेऊन एकदा आलापल्लीकडं जाऊन येतो."

सोमवारी दोन तालुक्यांत हे पान सुरू व्हायचं होतं. मालक म्हणाले, आता कशाला? भाऊंनी सुट्टीचा अर्ज दिला आणि स्वतःच्या सुट्टीत निघाले. मीही निघाले, त्यांना एकदाचं खोटं पाडायला. लपवू कशाला, तेवढ्यासाठीच गेले होते.

आलापल्लीहून जीपनं आत एक गाव. त्या गावात नेटवर्क फक्त हातपंपाच्या ओट्यावर यायचं. त्यामुळं आशाताई तिथंच उभी, आणि पाणी भरायला आलेल्या बायाही तिथंच, गुंड म्हणजे मोठे हंडे, आणि बादल्या घेऊन. तिकडं हातात फोन धरला की तो एकट्याचा राहत नाही. खांद्यावरून डोकावणं म्हणजे चोरून बघणं नव्हे. जे आलं ते सगळ्यांनी मिळून बघायचं, न दाखवणाराच कंजूष ठरतो. आमच्या बंद खोलीत बसून हे कोणाच्या ध्यानात येणार?

भाऊंनी आशाताईला सांगितलं होतं की खोटी नावं टाकून तपासू. ती म्हणाली, "खोटी नावं कुठून आणू भाऊ, मी तर शिबिरातली सगळी खरीच भरली." भाऊ काही बोलायच्या आत एक तरतरीत पोरगी पुढं आली. सविता. हसून म्हणाली, "ताई, मायं नाव आलं का त्याच्यात? पाह्य नं."

सविताचं लग्न ठरत आलं होतं. मुलाची आई त्याच दिवशी पाहुणी आलेली, हातपाय धुवायला पंपावर उभी. तीही सगळ्यांसारखी पुढं वाकली. आशाताईनं आत्याबाईवर नाव टाकलं. गोल फिरलं, फिरलं, आणि पान उघडलं.

उघडलं ते उघडंबोडकं. रंग नाही, चौकट नाही, काळी अक्षरं एकाखाली एक. शब्द आले होते आणि सीएसएसची फाईल अजून वाटेतच होती. लपवण्याचा नियम त्या फाईलमध्ये. तिसरी ओळ मला स्पष्ट दिसली: सिकलसेल वाहक.

भाऊ मागून म्हणाले, "हे का दिसून राह्यलं इथी?" आणि बोट दाखवायला म्हणून हात असा काही लांब केला की फोन आशाताईच्या हातातून उडून थेट भरल्या गुंडात. बुडुक!

"अरे माया बापा!" भाऊ ओरडले. सगळा ओटा हसला. भाऊंनी शर्टाची बाही वर केली, खांद्यापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला. "ढिवराचा पोरगा हावो, पाण्यात गेलेलं सोडत नाई." पुन्हा हशा. मुलाची आई तर पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं ती ओळ पाहिली होती का? तिला वाचता येत होतं का? ते विचारायचं तरी कसं. विचारलं तर सांगितल्यासारखंच झालं असतं.

आत्याबाई काही वाचली नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "भाऊ, ती ओळ मी चिकटवली नसती तर टेस्ट लालच राहिली असती."

"हो नं," ते म्हणाले. मग मी काही न विचारता त्यांनी बहिणीचं सांगितलं. "माई लहान बहीण. शिबिरात रक्त देल्लं. आठ दिवसानं एक जण आला, शाळेच्या मैदानात नाव घेऊन घेऊन कार्ड वाटले. पोरीचं नाव घेतलं, कार्डावरचं मोठ्यानं वाचलं. त्याचा काही वाईट हेतू नवता. संध्याकायपर्यंत साऱ्या गावाले ठाऊक. पुढच्या महिन्यात तिचं लगन होतं. थे लोक आलेच नाई."

"मग?"

"मग का? हाये घरीच. माया पोरायले तिनंच वाढवलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "सांगाव नाई असं मी म्हणत नाई वो. सांगाच लागते, लेकराचा सवाल हाये. पण तिनं सांगाव. मैदानात कोणी ओरडून नाई, आन आपल्या पानानं तं नाईच नाई."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. सविताचं लग्न माझ्या घाईनं मोडलं असलं तर मी कोणाच्या पाया पडणार होते?

सोमवारी मालक भडकले. भाऊ म्हणाले, "माया फोन पाण्यात पडला साहेब, तपासणी अर्धी राह्यली. सुरू नका करू." माझं नावसुद्धा काढलं नाही. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत गेले आणि चिकटवलेल्या ओळीचं सगळं सांगून टाकलं. बाहेर आले तर भाऊ डबा उघडून भाजी बघत होते. वर न बघता म्हणाले, "बरं केलं."

पट्टी लपवायची हा विचारच आम्ही टाकून दिला. पिन जुळेपर्यंत ते शब्द फोनवर पाठवायचेच नाहीत. फाईल उशिरा येवो, न येवो, पानावर नसलेलं दिसणार कुठून? टेस्टमधली माझी ओळ मी उपटली आणि प्रश्न बदलला. पट्टी दिसत नाही ना, असं विचारणं सोडून पट्टी पानावरच नाही ना, असं विचारलं. मग पिन टाकल्यावर ती येते का आणि आल्यावर खरोखर दिसते का, हेही विचारलं. तीन हिरव्या खुणा आल्या. भाऊंनी खुणांकडं पाहिलं आणि पिशवी उचलली.

वीसेक दिवसांनी आम्ही परत त्याच ओट्यावर. आशाताईनं मध्यंतरी सविताला घरात बसवून सगळं नीट समजावलं होतं, पिनही सवितालाच ठरवायला लावला होता. नशिबानं की काय, मुलाची आई त्या दिवशीही आलेली, या खेपेला मुलाला घेऊन. म्हणजे बोलणी चालू होती. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तिनं वाचलं नव्हतं म्हणून आली, की वाचूनही आली, हे अजून कळत नव्हतं.

आशाताईनं भाऊंनी नव्यानं आणलेल्या जुन्या फोनवर सविताचं नाव टाकलं. पान उघडंबोडकं आलं, पहिल्यासारखंच. तीन ओळींच्या जागी दोनच. भाऊ वाकून, डोळे बारीक करून बघत होते. रंग आले, चौकट आली, तरी दोनच ओळी. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. आमचं काम झालं होतं, आम्ही निघायला मोकळे होतो.

तेवढ्यात सविता म्हणाली, "ताई, फोन मायाकडं दे."

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. मुलाच्या आईकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. तिचा अंगठा आकड्यांवर गेला.

आणि शेंडेभाऊ वळले. पातेल्यात, डब्यात, बसच्या पाटीवर, जगातल्या प्रत्येक गोष्टीत डोकं घालणारा तो माणूस सरळ पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. हात मागं बांधलेले, एका हातात पिशवी.

सवितानं पिन टाकला. पट्टी आली. तिनं फोन मुलाच्या आईपुढं धरला आणि त्यांच्या माडिया भाषेत काहीतरी बोलायला लागली. हळू, पण न थांबता. मला एक अक्षर कळत नव्हतं. आशाताई माझ्या कानाशी लागली, "सगळं सांगून राहिली. म्हणते, मला काही दुखत नाही. म्हणते, याचंही रक्त पाहा, मग ठरवा."

ओट्यावर कोणी हसलं नाही. पंप चालवणारी बाईही थांबली होती. मुलाच्या आईनं पट्टीवर बोट ठेवून काही विचारलं, सवितानं उत्तर दिलं. म्हणजे बाईला वाचता येत नव्हतं. तिला पहिल्यांदा कळत होतं ते आत्ता, आणि सविताच्या तोंडून.

मग तिनं लेकाचं मनगट धरलं आणि त्याचा हात आशाताईपुढं केला, बोट टोचून रक्त घ्यायला. पोरगा गोंधळून आईकडं बघत राहिला. तिनं हात सोडला नाही.

"का झालं वो?" भाऊंनी रस्त्याकडं बघतच विचारलं.

"पोराचा हात पुढं केला, भाऊ. त्याच्या आईनं."

त्यांनी मान डोलावली. वळले नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"सविताले विचार," ते म्हणाले, "आता मी पाहू का?"

मी विचारायची गरजच पडली नाही. ती ओढणीनं डोळे पुसत हसली. "पाह्य नं, भाऊ," ती म्हणाली.

तेव्हा कुठं ते वळले.